माझ्या वाटची प्रार्थना

१९ एप्रिल २०२१, सोमवार, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलमधून फोन आला. मी जागीच होते, मलाही ताप होता, खोकल्याने आडवं पडता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या नऊ दिवसांत झोप अशी लागलीच नव्हती. तिकडून एका मुलीचा आवाज, बिचारी फार दमलेली वाटत होती, तिने यांचं पूर्ण नाव विचारलं, मग मी त्यांची कोण ते विचारलं, आणि मग जे सांगायचं ते सांगितलं. मी "बरं" म्हणाले. एवढंच. त्या एका शब्दाचं मला पुढे कित्येक महिने वाईट वाटत राहिलं, की नवरा गेल्याचं कळल्यावर बाई "बरं" कशी म्हणू शकते.

आम्ही नगरचे. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय पण तोंडात नगरच बसलंय. माहेर-सासर दोन्हीकडे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, सासर नेवासा तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ साली सुरू झालं, त्यामुळे आमच्यासारखी घरं इथे पुष्कळ आहेत, आणि मंडळी म्हणजे आमच्यासाठी नुसतं रविवारचं चर्च नाही. बाप्तिस्मा, लग्न, आजारपण, भांडणं मिटवणं, मयत, सगळं तिथेच. हे एसटीत कंडक्टर होते, तारकपूर डेपोला. मी शाळेत शिकवते. आम्हाला एकच मुलगा, त्या वर्षी दहावीला होता आणि यांना हॉस्पिटलमध्ये सुद्धा त्याच्या परीक्षेची काळजी, ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून व्हिडिओ कॉलवर विचारायचे, भूमितीचं झालं का रे. ते गेले त्याच आठवड्यात सरकारने दहावीची परीक्षा रद्द केली. ती बातमी टीव्हीवर ऐकून माझा लेक पहिल्यांदा मोठ्याने रडला, वडील गेले त्या दिवशी नाही रडला तेवढा.

कोविडच्या त्या एप्रिलमध्ये काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. बेडसाठी फोन, रेमडेसिव्हिरसाठी फोन, एचआरसीटीचा स्कोर किती, ऑक्सिजन किती दाखवतोय. यांचा ७८ वर आला तेव्हा ॲम्ब्युलन्स मिळाली. गेटमधून निघताना मागे वळून म्हणाले, "गॅस बंद कर झोपताना." हेच शेवटचं समोरासमोरचं वाक्य. मला वाटायचं काहीतरी मोठं बोलणं व्हायला पाहिजे होतं. आता वाटतं, आमचा संसार असाच तर होता, गॅस बंद कर, छत्री घे, पोचल्यावर फोन कर.

मी पॉझिटिव्ह, लेकाचा रिपोर्ट यायचा होता, म्हणजे आम्हाला दोघांना घराबाहेर पडायची सोय नव्हती. मोठे दीर गावाकडे अडकलेले. त्यामुळे मातीला घरचं कुणीच नव्हतं. आमच्याकडे मयत म्हणजे घरात पेटी आणतात, सगळे येऊन तोंड पाहतात, बाया गीतं गातात, मग चर्च, मग कबरस्थान. यातलं काहीच नाही. साध्या मयतीलाही त्या वेळी वीसच माणसांची परवानगी होती आणि ही तर कोविडची. पीपीई किट घातलेली पाच माणसं, त्यातले तीन आमच्या तरुण संघाचे पोरं होते, आणि लांब उभे राहून आमच्या चर्चचे पाळकसाहेब वाचत होते. एका पोराने फोन धरला होता. मला दिसलं काय, तर पांढरे कपडे, पिवळट माती, आणि मध्येच फोन हलला की आभाळ. आवाज तुटत होता. "मातीला माती" एवढं ऐकू आलं आणि पुढचं गेलं, नेटवर्क गेलं. मी खाटेवर बसून त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले, लेक शेजारच्या खोलीत दार लावून, मध्ये भिंत, कारण आम्हाला एकमेकांना धरायला पण परवानगी नव्हती.

इथून पुढे मला जे सांगायचंय ते आहे. कारण लोक विचारतात, तुमचा विश्वास होता म्हणून तुम्ही निभावलंत ना? आणि मला खोटं बोलता येत नाही. माझा विश्वास त्या दिवसांत माझ्याजवळ नव्हता. दुसऱ्यांचा होता, त्यावर मी जगले.

पहिली गोष्ट डब्याची. आमच्या गेटला आतून एक हूक आहे, दुधाच्या पिशवीसाठी लावलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथे एक डबा लटकलेला दिसला, गरम वरणभात आणि लोणच्याची पुडी. संध्याकाळी दुसरा. महिला मंडळाने आपसात वार वाटून घेतले होते, हे मला कितीतरी उशिरा कळलं. कोण कधी आणायचं हे मला कुणी सांगितलं नाही, बेल वाजवायची नाही असं त्यांचं ठरलेलं, कारण बेल वाजली की मला उठावं लागेल, दारात यावं लागेल, काहीतरी बोलावं लागेल. डबा लावायचा, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं आणि मी तो घेतला की निघायचं. मी खिडकीतून बघायचे, मास्क लावलेली कुणीतरी बाई, पदर डोक्यावर, हात वर करायची आणि जायची. मास्कमुळे निम्म्या वेळा ओळखू पण यायचं नाही कोण ते. आणि शेजारच्या भाभी, त्यांचे रोजे चालू होते, रमजान होता तेव्हा, तरी पहाटे सेहरीचं करताना त्या आमच्यासाठी पातळ सूप करून भिंतीवरून ठेवायच्या आणि खिडकीत येऊन म्हणायच्या, "दीदी, पी लो, बच्चे को भी दो." स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब नाही. भाभी आमच्या चर्चच्या नाहीत, पण या हिशोबात त्यांना मी कधीच बाहेर धरणार नाही.

दुसरी गोष्ट रात्री नऊच्या फोनची. पाळकीणबाईंचा फोन चौथ्या-पाचव्या दिवशी आला, म्हणाल्या आपण प्रार्थना करू या का. मी म्हटलं, बाई मला जमत नाही. खरंच जमत नव्हतं. लहानपणापासून रोज करत आलेली बाई मी, संडेस्कूल शिकवलेली, आणि "हे स्वर्गातील पित्या" एवढं म्हटलं की पुढे घसा बंद. नऊ दिवस मी जी प्रार्थना केली होती ना, जमिनीवर पालथी पडून, ती संपलीच होती, माझ्याकडे नवीन शब्द नव्हते. मला वाटलं त्या समजावतील, नाही वहिनी, करायलाच पाहिजे वगैरे. त्या म्हणाल्या, "तुम्ही नका करू. तुमच्या वाटची आम्ही करतो. तुम्ही फोन स्पीकरवर टाका आणि पडून राहा. आमेन पण नाही म्हटलं तरी चालेल."

मग रोज रात्री नऊला फोन. कधी त्या एकट्या, कधी कॉन्फरन्सवर चार-पाच बाया. दहा मिनिटांच्या वर नाही. एक स्तोत्र वाचायच्या, प्रार्थना करायच्या, त्यात माझं नाव, लेकाचं नाव, आणि यांचं पण नाव घ्यायच्या, आभार मानायच्या यांच्याबद्दल, बारीकसारीक, की संडेस्कूलच्या पोरांना हे पेपरमिंट वाटायचे, नाताळात चर्चच्या कळसावर चांदणी लावायला शिडीवर हेच चढायचे. ते ऐकताना मी रडायचे आणि पलीकडे पण कुणीतरी नाक ओढायचं. फोन ठेवायच्या. मी एकदाही आमेन म्हटलं नाही, जवळजवळ दोन महिने. कुणी विचारलं नाही का म्हणत नाही.

पुढे एकदा आमच्या मंडळीतल्या एका रिटायर्ड गुरुजींनी मला बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवलं. पक्षघाती माणसाला चौघं जण बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून वरून छप्पर उसकटतात आणि त्याला खाली सोडतात. ही गोष्ट मी स्वतः पोरांना फ्लॅनेल बोर्डवर चित्रं लावून शिकवलेली. पण गुरुजी म्हणाले, तिथे नीट बघ, येशूने कुणाचा विश्वास पाहिला म्हणून लिहिलंय? "त्यांचा विश्वास पाहून." त्या चौघांचा. बाजेवरचा माणूस एक शब्द बोललेला नाही. इतकी वर्षं शिकवून माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण तोपर्यंत मी कायम स्वतःला बाज उचलणाऱ्यांतली समजत होते.

आता जे दुखलं ते पण सांगते, कारण सगळं गोडगोड होतं असं नाही. "देवाची इच्छा." "चांगली माणसं देवाला लवकर लागतात." "तू रडू नकोस, आपण आशा नसलेल्या लोकांसारखे नाही." हे शेवटचं तर खूप जणांनी पाठवलं, फुलांच्या फोटोवर लिहिलेलं. आणि एका बाहेरगावच्या प्रचारकांनी, आमचे ओळखीचे पण नाहीत, कुणीतरी नंबर दिला म्हणून फोन केला आणि विचारलं, घरात कबूल न केलेलं काही पाप राहिलंय का ते तपासा, विश्वासाने प्रार्थना केली असती तर ऐकली गेली असती. त्यांचा आवाज फार मायाळू होता, म्हणून जास्त लागलं. दोन दिवस मी पाणी सुद्धा धड प्यायले नाही, आठवत बसले, आमचं काय चुकलं असेल, कधी खोटं तिकीट फाडलं का यांनी, कुणाचे सुट्टे पैसे राहिले का.

पाळकसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत बरोबर होतं त्यांचं. तोंड उघडलं आणि चुकले. आणि शेवटी देव रागावला तो ईयोबावर नाही, त्या मित्रांवर." आणि ते आशेचं जे वचन आहे, थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने लिहिलेलं, त्यात पौल रडू नका असं म्हणतच नाही असंही त्यांनी सांगितलं. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका म्हणतो. म्हणजे खेद आहेच, आपला खेद वेगळ्या जागेवर उभा आहे एवढंच. आणि मग लाजराची गोष्ट, ज्याला येशूने मेलेल्यातून उठवलं. मार्था आणि मरीया दोघी बहिणी येशूला तेच एक वाक्य म्हणतात, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. दोघींचं वाक्य एकच, पण मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो आणि मरीयेला रडताना पाहून स्वतः रडतो. पाच मिनिटांनी भाऊ उठणार आहे हे माहीत असून रडतो. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला आत्ता मार्थेचं उत्तर नको असेल, तर मरीयेचं घ्या. दोन्ही त्याचेच आहेत." मला फार बरं वाटलं. कुणीतरी मला रागावायची परवानगी दिली असं वाटलं. आपण इथे असता तर, हे वाक्य मी मग रोज म्हणायचे, भांडी घासताना, मोठ्याने. ती माझी पहिली प्रार्थना झाली बहुतेक, पण तेव्हा मला ती प्रार्थना वाटत नव्हती.

मेच्या शेवटी मी पहिल्यांदा कबरस्थानात गेले. आमच्या मंडळीच्या एका पंचांनी स्कूटरवर नेलं. नवीन कबरांची ती ओळ बघून पोटात गोळाच आला, सगळी ताजी माती, लाकडी क्रूस, त्यावर ब्रशने लिहिलेली नावं आणि तारखा, आणि तारखा सगळ्या जवळजवळच्या. फोन धरणारा तो पोरगा पण आला होता, बावीस-तेवीस वर्षांचा असेल. तो माझ्या बाजूला उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "काकू, नेटवर्क गेलं होतं ना तुमचं, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मी तीन मुठी माती टाकली. एक माझी, एक तुमच्या वाटची, एक दादाच्या वाटची." दादा म्हणजे माझा लेक. सव्वा महिना मला झोपेत तो काळा स्क्रीन दिसायचा. त्या पोराने एका वाक्यात तिथे काहीतरी ठेवलं. मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, पण तेव्हा आपण सगळेच हात लावायला घाबरत होतो, तर मी नुसतं त्याचं नाव घेतलं. दोनदा.

यांचं बायबल मी जून अर्धा होईपर्यंत उघडलं नव्हतं. ड्युटीच्या बॅगेत असायचं, कडेने मळलेलं, कोपरे गोल झालेले. मुक्कामाच्या गाडीवर गेले की रात्री गावात झोपायच्या आधी वाचायचे, ओळीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि खूण म्हणून मशीनच्या तिकिटाचा तुकडा घालून ठेवायचे. बायबल झटकलं तर असे कितीतरी तुकडे निघतील. ती शाई उडते हो, सहा महिन्यांत कागद कोरा होतो, कुठून कुठे ते पण कळत नाही. एका तुकड्यावर मात्र अक्षरं होती अजून. तो होता बायबलातल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात.

आता ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीय, पहिला इतिहास म्हणजे सुरुवातीचे नऊ अध्याय नुसती नावं. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा तमका. आम्ही संडेस्कूलवाले हे अध्याय गुपचूप सोडून देतो. मला वाटलं होतं शेवटच्या खुणेच्या जागी काहीतरी मिळेल, एखादं अधोरेखित वचन, माझ्यासाठी ठेवल्यासारखं. तिथे रऊबेन आणि गाद यांची वंशावळ. मी हिरमुसले, खरंच. लेक म्हणाला, मम्मी, पप्पा इथवर आले होते तर आपण पुढचं वाचू या ना. त्या रात्री आम्ही सहावा वाचला. ८१ वचनं, लेव्याचे वंशज आणि त्यांची गावं. आळीपाळीने एकेक वचन, आणि नावं अशी की जीभ वळेना, लेक एका नावावर तीनदा अडखळला आणि हसला. मी पण हसले. १९ एप्रिलनंतर आमच्या घरात ऐकू आलेलं ते पहिलं हसू, आणि ते हसू आलं लेव्याच्या वंशावळीवर.

दुसऱ्या दिवशी सातवा. पुन्हा नावं, नावं, कंटाळवाणं एकसुरी, आणि मध्येच, काही कल्पना नसताना, एफ्राईम आला. गथच्या लोकांनी त्याच्या मुलांना मारून टाकलं, गुरं पळवायला गेले होते म्हणून. आणि त्यांच्या बापाने पुष्कळ दिवस शोक केला, आणि त्याचे भाऊबंद त्याच्या समाचाराला आले. बस. त्यानंतर परत नावं सुरू. लेक पुढे वाचत गेला, मी म्हटलं थांब, मागे जा, परत वाच ते. पुष्कळ दिवस शोक केला आणि भाऊबंद आले. त्यांनी काय सांगितलं ते लिहिलेलंच नाही. कुठलं वचन दिलं, काय समजूत काढली, काही नाही. आले, एवढंच कुणालातरी लिहून ठेवावंसं वाटलं, आणि ते एवढ्या मोठ्या नावांच्या यादीत टिकलं. मला गेटवरचा हूक आठवला. रस्त्यापलीकडे हात वर करून उभी राहणारी पदरवाली बाई आठवली.

त्या रात्री नऊचा फोन आला तेव्हा मी आमेन म्हटलं. पलीकडे एकदम शांतता झाली आणि मग पाळकीणबाई म्हणाल्या, "ठेवते वहिनी," आणि त्यांचा आवाज फुटला.

इथून सरळ वर चढत गेले असं नाही. उलट चर्च उघडल्यावर मी परत खाली गेले. ७ ऑक्टोबरला सरकारने सगळी प्रार्थनास्थळं उघडली आणि १० तारखेचा पहिला रविवार. सगळे इतके खुश, किती महिन्यांनी घंटा वाजली, एका बाकावर दोघं-दोघं, मास्क, दारात सॅनिटायझर. आणि मी आत पाऊल टाकलं तर यांची जागा, डावीकडे तिसरा बाक, खिडकीजवळची, रिकामी. कुणी बसलं नव्हतं तिथे, मुद्दाम की आपोआप माहीत नाही. पेटीवर पहिलं गीत सुरू झालं, यांच्या आवडीचं, मला उभं राहवेना. मी मधूनच उठून बाहेर आले आणि बुचाच्या झाडाखाली बसले. पाच मिनिटांनी एक आजी काठी टेकत माझ्या मागे आल्या, ऐंशीच्या पुढच्या, त्यांचे मालक जाऊन तीस वर्षं झालेली. बसल्या शेजारी. पिशवीतून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. आत उपासना चालू, बाहेर आम्ही दोघी खडीसाखर चघळत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मी वरीसभर हितंच बसायचे. आतलं ऐकू येतं हितनं." पुढचे पाच रविवार आजी माझ्यासोबत झाडाखाली बसल्या. सहाव्या रविवारी त्याच म्हणाल्या, चल गं आत, ऊन लागतंय.

त्या हिवाळ्यात कागदांचं फार झालं. मृत्यूचा दाखला, आरटीपीसीआरचा रिपोर्ट, बँकेचं पासबुक, पीएफ, पेन्शनचे फॉर्म, वारसाचं. कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजारांची सरकारी मदत होती, तो ऑनलाइन अर्ज. मला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाताना फॉर्मवर "मयताचे नाव" दिसलं की हात थरथरायचा. आमचे ते स्कूटरवाले पंच तहसीलमधून रिटायर झालेले, त्यांनी एक फाईल केली, प्रत्येक कागदाच्या पाच-पाच झेरॉक्स, आणि प्रत्येक वेळी सोबत आले. "मयताचे नाव" तेवढी एक ओळ ते स्वतः लिहायचे आणि मग पेन माझ्या हातात द्यायचे. त्यांनी मला कधीच एकही वचन सांगितलं नाही. पण मी जेव्हा कुठे सांत्वन हा शब्द वाचते ना, मला ती फाईल दिसते, निळी, दोरीवाली.

नाताळात आमच्याकडे दुखवटा, म्हणून तळण नाही केलं. करंज्या-चकल्या इतक्या घरांतून आल्या की ठेवायला डबे पुरेनात. कॅरोलवाली पोरं दरवर्षी रात्री ढोलकी-खंजिरी घेऊन येतात, पार गल्ली उठवतात. मी सांगून ठेवलं होतं, यंदा आमच्याकडे नको. तरी आली. पण गेटबाहेर थांबली, ढोलकी खाली ठेवली, आणि हळू आवाजात एकच गीत म्हणून निघून गेली. लेक पळत गेला आणि त्यांच्यातच सामील झाला पुढच्या घरांसाठी, आणि मी त्याला थांबवलं नाही. आणि ३१ डिसेंबरची वर्षअखेरची उपासना, परत निर्बंध आले होते म्हणून रात्रीऐवजी संध्याकाळीच घेतली, तिच्यात पाळकसाहेबांनी त्या वर्षी मंडळीतून प्रभूघरी गेलेल्यांची नावं वाचली. सतरा. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, घाई न करता. एरवी मला ते सहन झालं नसतं. पण जूनपासून मी रोज रात्री नावंच तर वाचत आले होते. यांचं नाव आलं तेव्हा तिसऱ्या बाकावरून मी उभी राहिले, लेक पण राहिला, आणि हळूहळू आमच्यामागे एकेक घर उभं राहत गेलं.

जानेवारीत पाळकीणबाईंनी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकत्र बसायला सुरुवात केली. ज्यांच्या घरचं कुणी गेलंय त्यांनी यायचं, चहा प्यायचा, बोलावंसं वाटलं तर बोलायचं. एकच नियम होता, कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही आणि मागितल्याशिवाय वचन सांगायचं नाही. माझ्या शाळेतली एक मैत्रीण, हिंदू घरातली, तिचे वडील आणि भाऊ एका आठवड्यात गेलेले, ती पण यायची. पहिल्या दोन वेळा तिने नुसता चहा घेतला. तिसऱ्यांदा तिने भावाचा फोन पर्समधून काढून टेबलावर ठेवला, म्हणाली, अजून रिचार्ज मारते मी. कुणी काही बोललं नाही. आजींनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली.

पहिलं वर्ष भरायच्या दोनच दिवस आधी, १७ एप्रिल २०२२ ला, ईस्टर आला. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी कबरस्थानात जमते, अंधार असतानाच. आदल्या दिवशी लोकांनी कबरी धुतलेल्या, चुना लावलेला, फुलं, मेणबत्त्या. त्या एका ओळीत मात्र बऱ्याच कबरी अजून मातीच्याच. दोन वर्षांनी सगळे असे एकत्र उभे होते. पूर्वेला जरा फटफटलं आणि पाळकसाहेब मोठ्याने म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" आणि सगळ्यांनी, "खरोखर उठला आहे!" तीनदा म्हणतात ते. मला वाटलं होतं माझा घसा बंद होईल. पहिल्या वेळी झालाच. माझ्या डावीकडे, दोन कबरींपलीकडे, एक तरुण मुलगी उभी होती, महिना-दीड महिन्यापूर्वीच तिचं बाळ गेलेलं, आठ दिवसांचं. ओठ घट्ट मिटलेले, मेणबत्ती विझली होती ते पण तिला कळलं नव्हतं. मी सरकून तिच्याजवळ गेले. तिची मेणबत्ती माझ्यावर पेटवली. पाळकसाहेबांनी दुसऱ्यांदा म्हटलं आणि मी उत्तर दिलं, मोठ्याने, माझं आणि तिच्या वाटचं. तिसऱ्यांदाही.

मी यांना आजही रोज आठवते. एसटी स्टँडवर घंटीची ती डबल बेल ऐकली की पाय थांबतो. ते आता प्रभूजवळ आहेत हे मी मानते, अगदी मनापासून मानते, आणि तरी संध्याकाळी साडेसातला गेटचा आवाज यायला पाहिजे होता असं वाटतं. या दोन्ही गोष्टी एका वेळी माझ्या आत राहतात, भांडत नाहीत आता.

वाचन चालू आहे आमचं. रोज होतं असं नाही, मध्ये महिना-महिना गेलाय, स्तोत्रांतच वर्ष गेलं. लेक पुण्याला असतो शिकायला, रात्री फोनवर वाचतो, एक वचन तो, एक मी. सध्या यिर्मया संपत आलाय. परवा म्हणाला, "मम्मी, पुढचं विलापगीत आहे, पाचच अध्याय आहेत, मी शनिवारी घरी येतो, ते समोर बसून वाचू." त्याला शनिवारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पाहिजे म्हणाला. सुकट आणून ठेवलीय.